परभणीत बासरीचा मास्तर कुठं शोधायचा?

प्रश्न: पोरगा अकरा वर्षांचा, बासरीचं लई वेड, पण इथं हार्मोनियम-तबल्याचेच क्लास दिसतात. काय करावं? – एक आई, परभणी

उत्तर: ताई, आधी संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा केंद्रावर विचारा, बासरीला बसणारी पोरं कुणाकडं शिकतात ते तिथं कळतं, आणि सप्ताहात भजनाला साथ करणारे बासरीवाले असतात त्यांनाही गाठा. फी ठरवायच्या आधी एक तास समोर बसून बघा, फुंक न् लांब सूर सोडून मास्तर थेट सिनेमाचं गाणंच धरायला लावत असेल तर नकोच. ऑनलाइन नंतर चालेल, सुरुवातीला ओठ कसे ठेवायचे ते समोरच शिकावं लागतं. आणि पांढरी तीनची (म्हणजे पेटीच्या तिसऱ्या पांढऱ्या पट्टीच्या सुराची) लांबलचक बासरी घाईनं घेऊ नका हो, एवढ्या पोराची बोटं भोकांवर पोचत नाहीत, त्याहून आखूड पांढरी पाचची घ्या.