नीतिशास्त्रातले सर्वांत प्रभावी विचारवंत कोण? नवख्याने सुरुवात कोणापासून करावी?

अ‍ॅरिस्टॉटलपासून करा. 'कोणतं कृत्य बरोबर?' यापेक्षा माणूस चांगला कसा घडतो, याची त्याला जास्त काळजी. त्याचं उत्तर आहे सवयीने: वाद्य वाजवूनच वादक होतो, तसं धाडस करत करतच माणूस धाडसी होतो.

खरी मजा जर्मन तत्त्वज्ञ कांटमध्ये आहे. (भाषा भयंकर क्लिष्ट, पहिल्या वाचनात डोकं धरायची वेळ येते.) त्याच्या १७९७ च्या निबंधातला प्रसंग घ्या. तुमचा मित्र तुमच्या घरात लपलाय आणि खुनी दारात येऊन विचारतोय, 'तो आत आहे का?' कांट म्हणतो, तरीही खोटं बोलू नका. तुम्ही 'नाही' म्हणालात, तेवढ्यात मित्र गुपचूप बाहेर सटकलेला असला आणि वाटेत खुन्याच्या हाती सापडला, तर त्या मृत्यूचा दोष तुमच्यावरही येतो! मला हे आजतागायत पटलेलं नाही, पण खोडून काढायला बसलं की घाम फुटतो.

इंग्लिश तत्त्वज्ञ बेंथमला तो प्रश्न क्षणात सुटला असता: कशाने दुःख कमी होईल तेवढं बघा. याच मापाने त्याने १७८९ मध्ये प्राण्यांबद्दल विचारलं, की ते विचार करतात का, बोलतात का हे सोडा, त्यांना वेदना होतात का?

स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमही वाचाच. 'असं आहे' यावरून 'असं असायला हवं' थेट निघत नाही, हा त्याचा मुद्दा वाद घालताना फार उपयोगी पडतो.