पालेभाजी धुतली की पानांवरची, अँटिबायोटिकला न जुमानणारी जनुकं जातात का?

गच्चीवरच्या मेथी-कोथिंबिरीला तुम्ही कोंबडखत घालता, आणि अशी जनुकं मातीत नि पानांवर सापडतात हे वाचल्यापासून भाजी खायची भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. ही जनुकं पानावरच्या जंतूंत असतात. धुतल्यानं जंतू कमी होतात, सगळे जात नाहीत. शिजवलेल्या मेथीची काळजी सोडा. कोथिंबीर कच्ची खातो, तिचा विचार करा. कोंबडखत ताजं घालूच नका, चांगलं कुजवून घाला.

पण ‘पानांवर’ हा शब्द वाचला आणि मला राहवलं नाही.

सांगोल्याकडं आमची डाळिंबाची बाग आहे, भगवा जातीची. तेल्या हा डाळिंबाचा जंतूंमुळं होणारा रोग, तो ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. पानावर तेलाचा थेंब पडावा तसा डाग येतो, मग काळा पडतो, आणि फळ तडकतं. २००९ च्या मृग बहारात, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला धरलेल्या बहारात, दादा दर आठ दिवसांनी स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक मारत होता. सहा ग्रॅमच्या पुड्या दातानं फाडायच्या, दोनशे लिटरच्या टाकीत दहा टाकायच्या. पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन, १० टक्के टेट्रासायक्लिन. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, मायक्रोबायोलॉजीला. म्हटलं, दादा, बंद कर हे. तो म्हणाला, "माणसाचं औषध हाय. माणसाला काय करतंय?"

ते वाक्य मला अजून टोचतं. १९८५ साली अण्णांना टीबी झाला, तेव्हा दोन महिने त्यांना रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई होती. सायकलवर मागं बसवून त्यांना दवाखान्यात नेणारा दादाच. माणसाचं औषध आहे म्हणूनच ते पानावर नको, हे घरात सगळ्यांत आधी त्याला कळायला हवं होतं.

गणपतीची सुट्टी संपली तेव्हा बागेतली चार पानं पिशवीत घालून मी कॉलेजात नेली. स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, एकेक पान दाबलं आणि उचललं. वेगळ्या प्लेटवर देवळापुढच्या पिंपळाचं पान. तिसऱ्या दिवशी डाळिंबाच्या प्लेटवर अख्खं पान उमटलं होतं, मधली शीर नि कडा सुद्धा, पिवळ्या आणि गुलाबी ठिपक्यांनी काढल्यासारखं. पिंपळाच्या प्लेटवर मोजून तीन ठिपके. दादाला फोटो दाखवला. "बुरशी हाय ही," म्हणाला आणि पंप पाठीला लावून गेला.

बुरशी नव्हती ती. अमेरिकेत सफरचंद आणि नासपतीवर १९५० च्या दशकापासून हेच औषध मारत आले, आणि १९७१ साली कॅलिफोर्नियात त्याला न जुमानणारा जंतू सापडला. स्ट्रेप्टोमायसिन निकामी करणारी एसटीआर-ए, एसटीआर-बी ही जनुकांची जोडी झाडांवरच्या जंतूंत सापडते आणि माणसाच्या पोटातल्या जंतूंतही. ती एका जंतूकडून दुसऱ्याकडं जाते, त्यासाठी दोघं एका जातीचे असावे लागत नाहीत. आपल्याकडं या औषधाला मंजुरी होती ती आठ पिकांना, त्यांत डाळिंब नव्हतंच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं बंदीचा मसुदा काढला, त्यात १ जानेवारी २०२४ पासून वापर पूर्ण थांबवायचं म्हटलं होतं. आम्ही भावंडं तोवर बारा वर्षं भांडत होतो.

एक सांगायचं राहिलं. माझ्या प्लेटवरून जंतू औषधाला दाद देत नाहीत एवढंच कळतं, कोणतं जनुक ते नाही. आणि मातीत अशी जनुकं मुळातच असतात. स्ट्रेप्टोमायसिनच १९४३ साली मातीतल्या जंतूपासून मिळालं. कॅनडात ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही अशी जनुकं सापडली आहेत. त्यामुळं पानावर जनुक आहे म्हणजे तुम्ही आजारी पडालच असं नाही. कुंड्या फेकू नका.

आणि कुणी सांगितलं की झाडाला डाग पडलाय, चिमूटभर अँटिबायोटिक पाण्यात घाला, तर त्याचं ऐकू नका, मग तो घरातला थोरला का असेना. रोगट पानं खुडून जाळा. मी तेव्हा दादाकडं एवढंच मागत होते: मृग सोड, पाऊस सरतानाचा हस्त बहार धर, बागेला चार महिने विश्रांती दे, पडलेली फळं-पानं गोळा करून जाळ, मोरचूद-चुन्याचं बोर्डो मार. आता तो हस्त बहार धरतो, तेल्याही कमी आहे. पण पंपाच्या खोलीत फळीवर पुड्या अजून आहेत. गेल्या सुट्टीत मोजल्या, चौदा भरल्या.