लाइटहाउसमध्ये १०० गुण, तरी स्क्रीन रीडरवर फॉर्म अडतो

वेबपान आपोआप तपासणाऱ्या लाइटहाउस या टूलने अ‍ॅक्सेसिबिलिटीला (अपंगांनाही पान वापरता येण्याला) १०० पैकी १०० दिले आणि स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्या ग्राहकाला मात्र फॉर्म सबमिटच करता येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. ग्राहकाचंच बरोबर धरून चाला. चित्राला ऑल्ट (चित्राचं वर्णन करणारा मजकूर) आहे की नाही, एवढंच टूलला कळतं. तो ऑल्ट त्या चित्राबद्दल काही सांगतो का, हे माणसालाच बघावं लागतं.

सुरुवात माउस बाजूला ठेवून करा. टॅब, शिफ्ट-टॅब, एंटर, स्पेस, बाण आणि एस्केप एवढ्यावरच अख्खा फॉर्म भरा. फोकस, म्हणजे दाबलेली कळ ज्या घटकावर चालेल ती जागा, कुठे आहे हे प्रत्येक टप्प्यावर दिसायला हवं. डिझाइनच्या हट्टापायी फोकसभोवतीची चौकट (आउटलाइन) काढून टाकलेली असते, ती परत आणा. डिव्हला (एचटीएमएलमधल्या साध्या चौकोनाला) क्लिक लावून केलेल्या 'बटणा'वर टॅब थांबतच नाही. टॅबइंडेक्स (घटकाला टॅबच्या क्रमात आणणारा गुणधर्म) दिला तर थांबतो, पण एंटर-स्पेस चालत नाहीत आणि स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणत नाही. तिथे खरं बटणच वापरा. पॉपअप बंद केल्यावर फोकस तो उघडणाऱ्या बटणावर परत यायला हवा. तो पानाच्या सुरुवातीला गेला, तर माणूस पुन्हा पहिल्यापासून चालत येतो.

मग विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर घ्या, मोफत आहे. इन्सर्ट आणि एफ७ दाबून फॉर्म फील्डची यादी काढा. नाव नसलेलं फील्ड तिथे लगेच उघडं पडतं. लेबलऐवजी नुसता प्लेसहोल्डर (रकान्याच्या आत दिसणारा फिका मजकूर) असेल, तर टूल बहुधा पास करतं. पण टाइप करायला लागताच तो नाहीसा होतो आणि कमी दिसणाऱ्याला आपण कुठल्या रकान्यात आहोत ते कळत नाही.

आता एक फील्ड मुद्दाम रिकामं ठेवून सबमिट करा आणि ऐका. माझा अंदाज, तुमची गोची इथेच आहे: लाल ओळ दिसते, पण आवाज काहीच येत नाही. एरिया-लाइव्ह (aria-live, बदललेला मजकूर स्क्रीन रीडरला वाचायला लावणारा गुणधर्म) लावूनही असं होतं, कारण संदेशाचा डबा मजकुरासकट एकदमच पानात घातलेला असतो. रिकामा डबा आधीपासून पानात ठेवा, मजकूर नंतर भरा. शिवाय त्रुटीचा संदेश एरिया-डिस्क्राइब्डबाय (aria-describedby) या गुणधर्माने त्या फील्डला जोडा आणि फोकस पहिल्या चुकलेल्या फील्डवर न्या.

कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक) साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतो. पांढऱ्यावर #७७७ हा राखाडी ४.४८ ला अडतो, #७६७६७६ पास होतो. १२८० पिक्सेल रुंद खिडकीत ४०० टक्के झूम करा; मजकूर वाचायला आडवं सरकवावं लागू नये.

फोनवर टॉकबॅक (अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर) किंवा व्हॉइसओव्हर (आयफोनचा) वेगळं तपासा, डेस्कटॉपचा निकाल तिथे लागू होत नाही.

बग लिहिताना ब्राउझर आणि स्क्रीन रीडर आवृत्तीसह, दाबलेल्या कळा क्रमाने, आणि ऐकू आलेलं वाक्य जसंच्या तसं द्या. नुसतं 'वाचत नाही' लिहिलं की डेव्हलपर तो बग परत पाठवतो.