मणी ओवताना: तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे, बारीक मण्यांचे त्रिकोणी कानातले करते, खाली झालरवाले. विकले पण जातात. पण कडा वाकड्या येतात आणि दोन मैत्रिणींचे तर हुकापाशीच तुटले. अजून जाड तंगूस घेऊ का? (कर्वेनगर)

उत्तर: अगं जाड नको, तंगूसच नको. तोरणाला वगैरे ठीक आहे तो, पण विणकामात त्याची गाठ घसरते आणि कालांतराने कडक होऊन तडकतो, उन्हात असेल तर लवकरच. नायलॉनचा बीडिंगचा दोरा घे नाहीतर फायरलाइन, म्हणजे मुळात मासेमारीचीच दोरी, सुई १० किंवा १२ नंबरची. आता हुकापाशी का तुटतं ते बघ. ती छोटी कडी असते ना, तिचं तोंड पूर्ण मिटलेलं नसतं, दोरा हळूहळू सरकत त्या फटीत जातो आणि तिथे घासून घासून कापला जातो, तू दोऱ्याला शिव्या देतेस. कडी पकडीने नीट मिटव, दोरा त्यातून तीनचारदा फिरव. झालरीत कटदाना (कापलेल्या नळीसारखा लांबट मणी) असेल तर त्याच्या कडा धारदार असतात, दोन्ही टोकांना एकेक गोल मणी घाल म्हणजे दोरा वाचतो. आणि झालर ओढून घट्ट करू नकोस, काडीसारखी ताठ उभी राहते मग, केसभर सैल सोड.

कडांचं म्हणशील तर निम्मा दोष मण्यांचा आहे. सुट्टे वजनावर मिळणारे मणी जाड-बारीक येतात, जुन्या टॉवेलवर पसरून तांदूळ निवडतो तसे निवडायचे, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही. एकदा मियुकी किंवा तोहोची छोटी पुडी घेऊन बघ, दोन्ही जपानमधल्या हिरोशिमा भागातल्या कंपन्या, महाग आहेत पण मणी एकसारखे, त्यामुळे निदान कळतं तरी की चूक हाताची आहे का मालाची. ११/० नंबरचा गोल मणी साधारण २ मिमी, ८/० साधारण ३, म्हणजे नंबर जेवढा मोठा तेवढा मणी लहान, पहिल्यांदा सगळेच इथे फसतात. आणि ब्रिक स्टिचने (विटांच्या भिंतीसारखे मणी बसतात ती वीण) करत असशील तर प्रत्येक ओळीची सुरुवात दोन मण्यांनी कर, मग कडेला दोरा दिसत नाही.

हो, चार ओळी मागे एक मणी जास्तीचा ओवलाय असं दिसलं तर सगळं उसवायचं नाही. त्या मण्याच्या भोकात जाडी सुई हळूहळू दाबत न्यायची, मणी आतून फुटतो आणि दोरा शाबूत राहतो. पकडीने बाहेरून चिरडलास तर काचेने दोरा कापला जाऊ शकतो. डोळ्याला चष्मा लाव मात्र!

प्रश्न: पैठणीच्या पदरावरचा मोर चौकटीच्या वहीत काढला आणि मागावर मण्यांचा पट्टा विणला. मोर उंच आणि बारीक झाला, बगळ्यासारखा. वहीत तर छान होता. (सदाशिव पेठ)

उत्तर: काकू, वहीतली चौकट चौरस असते, मणी नसतो. नळीसारखे डेलिका मणी घेतले असतील तर ते भोकाच्या दिशेने साधारण १.३ मिमी आणि आडवे १.६ मिमी. मागावर भोक आडवं येतं, त्यामुळे रुंदी कमी भरते आणि उंची वाढते. मोर वहीत काढतानाच रुंदीला जास्त घरं द्या, साधारण चाराला पाच. हाच मोर ब्रिक स्टिचने केलात तर भोक उभं येतं, सगळं उलटं होतं आणि मोर बुटका होतो. म्हणून आधी दहा बाय दहाचा तुकडा विणून पट्टीने मोजा, मग मोराला हात घाला.

प्रश्न: मी केलेला सोनेरी मण्यांचा चोकर नणंदेला दिला, एका लग्नातच घामाने पांढरट पडला. (हडपसर)

उत्तर: तो सोनेरी रंग काचेचा नव्हताच, वरचा मुलामा होता, गळ्याशी घासून आणि घामाने तो उतरतो. तसे मणी लोंबत्या कानातल्यात वापरा, गळ्याला रंगीत काचेचे घ्या. जास्त माल घ्यायच्या आधी छोटी पुडी आणून पाचसहा मणी नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवून ठेवा, रंग सोडला तर ते मणी नकोत. थोडे खिडकीत ठेवा, अर्धे झाकून अर्धे उन्हात, दोन आठवड्यांनी दोन्ही शेजारी धरून बघा. आणि रविवार पेठेत घेणार असाल (मंडई मेट्रोला उतरा, गाडी नेऊ नका) तर पूर्ण कामाला लागेल तेवढा माल एकदम घ्या, पुढच्या लॉटला तीच छटा मिळेल याची खात्री दुकानदारही देत नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका, पुडी घेऊन दारात या.

प्रश्न: पुण्यातल्या भीमथडी जत्रेत स्टॉल लावायचा विचार आहे. सगळे म्हणतात तुळशीबागेत शंभरला मिळतं. भाव कसा ठेवू? (वारजे)

उत्तर: तुळशीबागेशी भांडायचंच नाही, तिथे शंभराचं घेणारी बाई वेगळी आणि तुमची वेगळी. एक जोडी घड्याळ लावून करा, निवडण्याचा वेळ धरून, तासाला घरकामाच्या मावशींना देता त्यापेक्षा कमी धरू नका, मग मणी, हुक, दोरा, स्टॉलचं भाडं. आकडा बघून दचकलात तर भाव पाडू नका, डिझाइन सोपं करा.