‘पुट अप’ : उभं करणं आणि पोटात घालणं

एका वाचक ताईंची विचारणा अशी : “आमच्या कार्यालयात साहेब कागदावर ‘प्लीज पुट अप’ असा शेरा मारतात, म्हणजे फाइल सादर करा. मुलीच्या इंग्रजीच्या वहीत ‘पुट अप विथ’ म्हणजे सहन करणे. आणि नवीन ओळख झाली की लोक विचारतात, ‘व्हेअर आर यू पुट अप?’ म्हणजे राहता कुठे. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, ‘अप’ म्हणजे वर. त्यातून सादर करणं, सोसणं आणि राहणं हे तिन्ही अर्थ निघतातच कसे? की पाठच करायचे?”

पाठ करू नका. शब्दकोशात हे अर्थ एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नाही असं वाटतं. प्रत्यक्षात यातले बहुतेक अर्थ दोनच मुळांतून फुटलेले आहेत, आणि ती दोन्ही मुळं मराठी माणसाला चांगली ओळखीची आहेत.

पहिलं मूळ सोपं आहे. आडवी, पडलेली किंवा नसलेली गोष्ट उभी करायची, चारचौघांच्या नजरेसमोर आणायची. तंबू ‘पुट अप’ करतात, इमारत करतात, भिंतीवर पोस्टर करतात, वर्गात हात करतात. पक्ष निवडणुकीत उमेदवार ‘पुट अप’ करतो आणि आपणही उमेदवार ‘उभाच’ करतो. संघ मोठी धावसंख्या ‘पुट अप’ करतो, आपण धावांचा डोंगर उभा करतो. शिकारीच्या इंग्रजीत झुडपातला तितर ‘पुट अप’ करतात, आपल्याकडे रान उठवतात. ‘पुट अप अ फाइट’ म्हणजे सहज हार न मानता झुंज देणं, तिथेही प्रतिकार उभा राहतो. घर विकायला काढणं म्हणजे ‘पुट अप फॉर सेल’, कारण ते गिऱ्हाइकांसमोर आणलं जातं. ब्रिटिश माणूस भाडं वाढवतो तेव्हाही ‘पुट अप’ म्हणतो. तिथे ‘अप’ अगदी सरळ, वर नेण्याच्याच अर्थाचा. अमेरिकन माणूस त्या जागी बहुधा ‘रेझ’ वापरेल.

तुमच्या साहेबांचा शेरा याच कुळातला. कागद टेबलावर पडून आहे, तो टिपणी आणि मागच्या कागदांसह वरिष्ठांपुढे आणा, असा त्याचा अर्थ. शिवाय कार्यालयाच्या उतरंडीत कागद खरोखरच खालून वर जातो. आपणही ‘फाइल वर गेली’ असंच म्हणतो. हा वापर आपल्याकडच्या सरकारी इंग्रजीत फार घट्ट रुजलेला आहे. मात्र त्यासाठी ‘मागील कागदपत्रांसह सादर करावे’ हे मराठी इतकं नेमकं आणि तयार आहे की मराठीतून चालणाऱ्या फायलीवर इंग्रजी शेरा हवाच कशाला, असं मला नेहमी वाटतं.

दुसरं मूळ खोल आहे आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे. इंग्रजीत ‘अप’ हा शब्द दर वेळी दिशा दाखवत नाही. ‘ईट अप’, ‘लॉक अप’, ‘टाय अप’ यांत वर काहीच जात नाही. क्रिया पुरती झाली, आता त्यात काही उरलं नाही, एवढंच तो सांगतो. मराठीत हे काम जोडक्रियापदं करतात : खाऊन टाक, कोंडून घाल, बांधून ठेव. ‘ठेव’ आणि ‘ठेवून दे’ यांत जो फरक आहे तो आठवून पाहा. ‘डबा ठेव’ म्हटलं तर तो कुठेही ठेवता येतो. ‘डबा ठेवून दे’ म्हटलं की तो त्याच्या जागी, आत, नीट जायला हवा. जुन्या इंग्रजीतला ‘पुट अप’ हा असा ‘ठेवून दे’ होता.

1611 साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात, येशू पेत्राला सांगतो, “पुट अप दाय स्वोर्ड इंटू द शीथ.” आजच्या इंग्रजीची सवय असलेल्याला वाटेल की तलवार उगार असं सांगितलं. अर्थ नेमका उलटा आहे : तलवार म्यान कर. वाटसरू सराईत उतरला की आपला घोडा ‘पुट अप’ करायचा, म्हणजे तबेल्यात बांधायचा. अमेरिकेच्या खेड्यांतून उन्हाळ्यात पीच, टोमॅटो, काकड्या बरण्यांत भरून ठेवतात, त्यालाही ‘पुट अप’ म्हणतात. त्यासाठी आपल्याकडे ‘बेगमी करणं’ हा काय सुंदर शब्द आहे!

तलवार म्यानात, घोडा तबेल्यात, फळं बरणीत. मग अपमान कुठे ठेवायचा? सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्रजी म्हणतं, तोही आत ठेवून द्यायचा. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त चौथ्या अंकात इयागोकडून वारंवार फसवला गेलेला रॉडरिगो भडकतो आणि म्हणतो की मूर्खासारखं जे सोसलं ते निमूटपणे ‘पुट अप’ करायला मी काही अजून राजी झालेलो नाही. त्याच्या वाक्यात ‘विथ’ नाही हे लक्षात घ्या. अन्याय हे थेट कर्म आहे, जसं तलवार हे कर्म होतं. अन्यायाचा बदला घ्यायचा की तो आत घालून गप्प राहायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. ‘विथ’ पुढच्या काळात चिकटला आणि मूळचं चित्र झाकलं गेलं.

आपण अपमान गिळतो. ‘लेकराचे अपराध पोटात घाला’ म्हणतो. कल्पना तीच आहे. छटेत मात्र फरक आहे आणि भाषांतर करताना तो सांभाळायला हवा. पोटात घालण्यात माया आहे, क्षमा आहे. ‘पुट अप विथ’मध्ये क्षमा नाही. मनातली नाराजी तशीच असते, फक्त माणूस भांडण काढत नाही. म्हणून मला ‘सहन करणे’ हा वहीतला अर्थ बरोबर असूनही फार सपाट वाटतो. ‘व्हाय डू यू पुट अप विथ हिम?’ याचं जिवंत मराठी ‘त्याचं एवढं का खपवून घेतेस?’ असं होईल. शेजारच्या बांधकामाचा आवाज असेल तर ‘चालवून घेणं’, सासरचा जाच असेल तर ‘सोसणं’.

आता राहण्याचा अर्थ. घोड्याला तबेल्यात जागा दिली तशी पाहुण्याला घरात दिली, की झालं ‘पुट समवन अप’. ‘कॅन यू पुट मी अप फॉर द नाइट?’ म्हणजे आजच्या रात्रीपुरता आसरा द्याल का. यात मुक्काम तात्पुरता असतो. आपल्याकडच्या इंग्रजीत मात्र ‘व्हेअर आर यू पुट अप?’ कायमच्या पत्त्यासाठी विचारतात. भारतात ते सगळ्यांना कळतं, त्याला चूक म्हणून हिणवण्याचं कारण नाही. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला हाच प्रश्न केलात तर तो गोंधळेल, किंवा सध्या उतरला आहे त्या हॉटेलचं नाव सांगेल. तिथे ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ हेच विचारावं.

आणखी दोन वापर मुलीला उपयोगी पडतील. ‘पुट समवन अप टू समथिंग’ म्हणजे फूस लावणं. आणि ‘पुट-अप जॉब’ म्हणजे आधी ठरवून रचलेला बनाव. इथे ‘पुट-अप’ हे विशेषण आहे, म्हणून मधली जोडरेघ विसरू नये.

मुलं बहुतेक वेळा अडखळतात ती सर्वनामापाशी. ‘पुट अप द टेंट’ आणि ‘पुट द टेंट अप’ दोन्ही चालतं, पण ‘इट’ आलं की ते मधेच बसतं : ‘पुट इट अप’. ‘पुट अप इट’ कधीच होत नाही. ‘पुट अप विथ’ला मात्र मधे कर्म घुसलेलं खपत नाही. तिन्ही शब्द एकत्र राहतात आणि कर्म शेवटी येतं : ‘पुट अप विथ इट’. मुलीला दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहायला सांगा. पहिल्यात ‘इट’ म्हणजे तंबू, दुसऱ्यात ‘इट’ म्हणजे गोंगाट. हा फरक तिला स्वतःला सांगता आला की बाकीचे अर्थ ती वाचता वाचता ओळखेल.