तीस पोरं, एक बॉल

अगं,

फुलेनगरला तू सुरू केलेल्या खेळाच्या तासातली निम्मी पोरं आठ दिवसांत गळाली म्हणून तू हिरमुसलीस, पण पोरं आळशी नाहीत गं. तुझा व्हिडिओ मी तीनदा बघितला, तीस पोरं, एक बॉल आणि सगळी रांगेत उभी, नंबर यायला पाच मिनिटं! जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी निदान ६० मिनिटं चांगला दम लागेल असं खेळावं, आणि तुझ्याकडे तासभर येऊन पोरगं जेमतेम दहा मिनिटं पळतंय. क्लासची फी झेपत नाही, घर एका खोलीचं, गल्लीत गाड्या लावलेल्या, मग त्यांच्या हक्काची जागा म्हणजे तुझा तो एक तासच ना.

आणि आऊट करायचे खेळ बंद कर. जे बुजतं, लवकर दमतं तेच आधी आऊट होऊन कडेला बसतं, म्हणजे ज्याला पळायची जास्त गरज तेच बसून. विषामृत घे, साखळी घे, तिथे कुणी बाहेर जातच नाही. खोखोतसुद्धा एका वेळी आठ बसलेले, एक मागे लागलेला, तीन पळणारे, झाले बारा, बाकीच्या अठरांनी काय करायचं? बाजूला चुन्याने अजून एक छोटं मैदान आख.

मी पोरांना खेळवायला लागलो, तेव्हा पहिल्या वर्षी हेच चुकलो. चपळ बारा पोरं निवडली, स्पर्धेत नंबर आला, आणि मागे वळून बघितलं तर बाकीची यायचीच बंद झालेली. एक मुलगी रोज सगळ्यांच्या आधी यायची, तिला मी कधी खेळवलंच नाही, ते अजून लागतं मनाला. धावपटू कविता राऊतची गोष्ट पोरांना जरूर सांग, आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये १० हजार मीटरला ब्राँझ, डोळे मोठे करून ऐकतील. पण तू मात्र तीसच्या तीस पोरांकडे बघ.

मुलींसाठी आधी आयांना भेट. पाणी भरायची वेळ, धाकटी भावंडं सांभाळणं, यातून मुलगी कधी सुटते ते त्याच सांगतील, तीच वेळ धर, मग ती बदलू नको. भावंड आणलं तर आणू दे. अंधाराच्या आत घरी सोड, सुरुवातीला स्वतः सोबत चालत जा.

शनिवारी मी येतो, चुना नि सुतळी आणतो. तू गळालेल्यांची नावं काढून ठेव, दोघं घरोघरी जाऊ.