आधी प्रश्न, मग फेलोशिप

बडोदा

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली यादी मी सावकाश वाचली. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) जेआरएफ म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, आयसीएसएसआर (समाजविज्ञान संशोधन परिषद), आयसीएचआर (इतिहास संशोधन परिषद), गुजरात सरकारची ‘शोध’ योजना, पुण्याची सारथी, अमेरिकेची फुलब्राइट, जर्मनीची डाड अशी सगळी नावे तू रकमांसह आणि मुदतींसह नीट मांडली आहेस आणि यांपैकी कुठे अर्ज करावा, असे विचारले आहेस. त्याचे उत्तर पुढे देतोच, पण त्या यादीत एक रकाना नाही आणि तोच सर्वांत आधी भरायला हवा होता. तू नेमके काय शोधून काढणार आहेस, हे तिच्यात कुठेही लिहिलेले नाही. पत्राच्या शेवटी ‘विषय: बडोदा संस्थानातील शिक्षण आणि समाज’ एवढेच आहे. एवढ्या नावाखाली अनेकांचे प्रबंध मावतील आणि त्यांतला तुझा कोणता, ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

इतकी वर्षे विद्यार्थ्यांचे आराखडे वाचत आल्यावर माझे मत असे झाले आहे की, चांगल्या गुणांच्या मुलामुलींचे अर्ज मागे पडतात ते बहुधा विषय हलका म्हणून नव्हे, तर अर्जदाराने आपली साधने अजून हाताळलेलीच नाहीत हे दुसऱ्या पानावर उघड होते म्हणून. ‘प्राथमिक व दुय्यम साधनांचा वापर करण्यात येईल’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असते आणि ते काहीच सांगत नाही. याउलट, अमुक ग्रंथालयात अमुक वर्षांचे अहवाल आहेत, त्यांपैकी काही मी पाहिले, त्यांत ही माहिती सापडते आणि ही सापडत नाही, असे ज्याने लिहिले त्याचा अर्ज समिती पुन्हा एकदा वाचते. फेलोशिप हे गरजेपोटी केलेले साहाय्य नसते. हे काम ही व्यक्ती एवढ्या वेळात पुरे करील, असा विश्वास वाटल्यावर दिलेले ते पैसे असतात, आणि तो विश्वास अर्जातूनच निर्माण करावा लागतो.

तुझ्यापुरते बोलायचे तर साधने घराजवळच आहेत. मागे एकदा तू संस्थानच्या ग्रंथालय चळवळीविषयी आस्थेने बोलली होतीस. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावले, स्वतःच्या संग्रहातली सुमारे २०,००० पुस्तके मध्यवर्ती ग्रंथालयासाठी दिली आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी पाठवणारी फिरती ग्रंथालये सुरू केली, हे तुला ठाऊक आहे. पण हे सर्वांनाच ठाऊक आहे, म्हणून हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. प्रश्न सापडतो तो अनुदानाच्या नियमात. गावाने वर्गणी करून जेवढी रक्कम उभी करायची, तेवढीच भर पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशी ती पद्धत होती. मग कोणत्या गावांनी आपला वाटा उभा केला आणि कोणती गावे तिथेच थांबली? ज्या गावात १९०६ च्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानंतर शाळा नीट चालली, तिथेच ग्रंथालयही तगले का? वर्गणी देणारे कोण होते आणि पुस्तके नेणारे कोण होते? बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली या चार प्रांतांपैकी एकच प्रांत घेऊन, १९११ ते १९३९ एवढ्या काळापुरता हा प्रश्न विचारलास, तर तो तीन-चार वर्षांत पुरा होण्याजोगा आहे. संस्थानचे वार्षिक प्रशासन अहवाल छापील आहेत, १९१२ पासून बडोद्याहून निघालेले ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक आहे, आणि ब्रिटिश सरकारशी झालेल्या पत्रव्यवहारासाठी दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आहे. अर्ज लिहायला बसण्यापूर्वी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात जाऊन यांपैकी काय प्रत्यक्ष हाती येते, ते पाहा आणि वहीत तारखेनिशी उतरवून ठेव. हीच नोंद पुढे आराखड्याचे दुसरे पान होईल.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे वळतो. तू फेलोशिपची क्रमवारी रकमेनुसार लावली आहेस, ती पीएच.डी.च्या नोंदणीनुसार लावायला हवी, कारण काही वृत्ती नोंदणीच्या आधी मिळवायच्या असतात आणि काहींसाठी नोंदणी झालेली असणे हीच पहिली अट असते. जेआरएफ पहिल्या प्रकारातली. ती नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळते. ही परीक्षा साधारणपणे वर्षातून दोनदा होते, दोन प्रश्नपत्रिका मिळून ३०० गुण असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. जेआरएफसाठी वयोमर्यादा ३० वर्षांची असली तरी स्त्री उमेदवारांना पाच वर्षांची सवलत आहे; तेव्हा घरातून वयाचा धाक दाखवला जात असेल, तर हे त्यांना शांतपणे सांग. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर एसआरएफ (वरिष्ठ संशोधन फेलोशिप) झाल्यावर ४२,००० रुपये आहे. घरभाडे आणि वार्षिक आकस्मिक खर्च वेगळा. जेआरएफ थोडक्यात हुकली तरी तो प्रयत्न वाया जात नाही, कारण २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. त्यात ७० टक्के भार परीक्षेच्या गुणांना आणि ३० टक्के मुलाखतीला असतो, मात्र ते गुण एकच वर्ष चालतात. त्या मुलाखतीत तुला विचारतील ते आराखड्याविषयीच.

‘शोध’ योजना दुसऱ्या प्रकारातली. गुजरातमधील विद्यापीठात पूर्णवेळ पीएच.डी. करणाऱ्यांना ती दोन वर्षे दरमहा १५,००० रुपये आणि इतर खर्चासाठी वर्षाला २०,००० रुपये देते. दुसरी फेलोशिप मिळत असताना ती घेता येत नाही. जेआरएफ नसलेल्या आपल्याकडच्या मुलांना तिचा मोठा आधार आहे आणि रक्कम लहान म्हणून तू तिला तळाशी टाकलेस, ते मला पटले नाही. घरी राहून, महाराजा सयाजीराव विद्यापीठात नोंदणी करून, याच शहरातल्या दप्तरांवर काम करणाऱ्या मुलीला ती दोन वर्षे पुरते. आयसीएसएसआर आणि आयसीएचआर यांच्या जाहिराती वर्षातून एकदा येतात. पहिली संस्था समाजशास्त्रीय मांडणी पाहते, दुसरी इतिहासाची, आणि तुझा प्रश्न दोघींकडे जाऊ शकतो, पण एकच मजकूर दोघींना पाठवू नकोस. तू आईवडिलांची एकुलती एक मुलगी आहेस, तेव्हा यूजीसीची सावित्रीबाई जोतिराव फुले फेलोशिप तुझ्या यादीत असायलाच हवी होती. ती पीएच.डी. करणाऱ्या एकुलत्या मुलींसाठीच आहे.

सारथीविषयी स्पष्ट लिहितो, कारण दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या अनेक मराठी घरांत हा गैरसमज आहे. सारथी, बार्टी, महाज्योती या महाराष्ट्र शासनाच्या संस्था आहेत आणि त्यांच्या फेलोशिपसाठी महाराष्ट्राचा अधिवास लागतो. मातृभाषा मराठी असणे किंवा मूळ गाव साताऱ्याकडचे असणे पुरत नाही. तुझा जन्म, शाळा आणि अधिवास गुजरातचा आहे, म्हणून ते नाव यादीतून काढ. डाडचेही काढ, कारण तुझ्या प्रश्नात जर्मनीला जाण्याचे कारण नाही. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप मात्र राहू दे. ती सहा ते नऊ महिन्यांची असते आणि भारतात पीएच.डी.ची नोंदणी झालेल्यांसाठी आहे. बॉर्डन यांनी इथे जे रुजवू पाहिले त्याची अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालयांशी तुलना करण्याची वेळ येईल तेव्हा, म्हणजे निदान दोन वर्षांनी, तिचा विचार करू.

खर्चाचे पान हे आराखड्याचेच पान आहे, असे मानून लिही. ‘प्रवास: ३०,०००, छायाप्रती: १०,०००’ अशा गोल आकड्यांवर वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही. नवसारीला किती वेळा जायचे, तिथे किती दिवस राहायचे, रेल्वेचे भाडे किती, अभिलेखागारात पानामागे किती शुल्क पडते आणि अंदाजे किती पाने लागतील, हे मांडून मग बेरीज कर. मोडी कागद लागणार असतील आणि तुला मोडी वाचता येत नसेल, तर लिप्यंतराचा खर्च दाखव किंवा पहिल्या वर्षात मोडी शिकण्याचे महिने दाखव. दोन्ही टाळून पुढे जाता येणार नाही. सरकारी पैशाचा हिशेब उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसा त्याच कामावर खर्च झाल्याच्या दाखल्यावर, द्यावा लागतो, त्यामुळे पहिल्या दिवसापासून प्रत्येक पावतीवर कामाचे कारण आणि तारीख लिहून ती फायलीत लाव.

पैसे मंजूर होणे आणि हातात येणे यांत अंतर असते, हेही घरच्यांना आधीच सांगून ठेव. जेआरएफच्या बाबतीत विद्यापीठाला दर महिन्याला पोर्टलवर हजेरीची पुष्टी करावी लागते. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून पुढे पाठवायची, अशी रीत आहे. त्यांपैकी एक जण रजेवर गेला की त्या महिन्याची रक्कम अडते. म्हणून विभागातल्या लिपिकांशी आदराने ओळख ठेव, रुजू अहवालाची प्रत स्वतःजवळ ठेव आणि निदान चार महिन्यांचा खर्च भागेल एवढी तजवीज सुरुवातीला असू दे. माझ्या ओळखीतल्या हुशार मुलांनी संशोधन सोडले ते बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे, याच काळात हात आखडला म्हणून, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

मंजुरीपत्रातल्या अटी सहीपूर्वी पूर्ण वाच. बडोद्यात राहणाऱ्याला हे सांगताना १९१३ सालची आठवण होणारच. त्या वर्षी सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करावी, असा करार झाला. करार पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये इथे आले, तेव्हा जातीपायी त्यांना या शहरात राहायला जागा मिळू दिली गेली नाही. ही आपल्या शहराची लाज आहे आणि ती आपण विसरू नये. फेलोशिपची रक्कम कितीही असो, संशोधकाला बसायला जागा, राहायला छप्पर आणि माणूस म्हणून वागणूक मिळाली नाही, तर काम उभे राहत नाही. म्हणून विद्यापीठ निवडताना वसतिगृह, ग्रंथालयाच्या वेळा आणि मार्गदर्शकाचा आपल्या विद्यार्थ्यांशी असलेला व्यवहार यांची आधी चौकशी कर, त्यांच्याकडे पीएच.डी. करणाऱ्या मुलींशी स्वतः बोल. नियमानुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात, त्यामुळे मोठ्या नावाकडे जागा आहे की नाही, हेही विचारून घे.

शिफारसपत्र मी आनंदाने देईन. मात्र ते मुदतीच्या आदल्या दिवशी मागू नकोस. निदान महिनाभर आधी दोन पानांचा आराखडा, खर्चाचे पान आणि कोणत्या संस्थेला पत्र जायचे आहे, एवढे पाठव. आराखडा वाचल्याशिवाय मी शिफारस लिहीत नाही, कारण तुझ्या स्वभावाचे कौतुक वाचून समितीला काही कळत नाही. या प्रश्नावर तू आतापर्यंत काय केलेस, ते मला नेमकेपणाने लिहिता आले पाहिजे. आधी नवसारी प्रांताचे अहवाल पाहून घे आणि वर्गणीचे आकडे कोणत्या वर्षापासून गाववार मिळतात, ते मला कळव. ते मिळत नसतील तर प्रांत बदलावा लागेल, आणि तो निर्णय डिसेंबरच्या नेटचा अर्ज भरण्याआधी झालेला बरा.

तुझे सर